पाच परस पाईप

आभार मानायचे ते कार्यक्रमाच्या शेवटी, अशी आपल्याकडची पद्धत आहे. पण तोवर निम्मे लोक चपला शोधायला उठलेले असतात, म्हणून मी सुरुवातीलाच उरकून घेतो. तर मी सर्वप्रथम खडेमिठाचा आभारी आहे. त्यानंतर शालूबाईंचा, त्यानंतर जळालेल्या मोटरीचा, आणि सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जास्त, कागलच्या केरबांचा. तात्यांचे आभार मानायचे की नाहीत, याबद्दल घरात अजून एकमत झालेलं नाही.

माझं नाव दत्तप्रसाद. एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात मी हेडक्लार्क आहे, आणि आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी. अर्ज कसा लिहावा, किती दिवस दाबावा आणि कोणत्या कारणानं बाद करावा, या तीन विषयांत आख्ख्या कोल्हापुरात माझा हात धरणारा कुणी नाही, असं माझं नम्र मत आहे. त्यामुळं आमच्या अंतरानं, म्हणजे माझ्या मुलीनं, एका शनिवारी माझ्यापुढं एक अर्ज सरकवला तेव्हा सवयीनं मी आधी समास बघितला. समास बरोबर होता. मग मजकूर वाचला. 'विषय : विज्ञान शाखेतून वाणिज्य शाखेत बदल मिळणेबाबत.' खाली पालकांच्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

ही तीच मुलगी, जिनं सातवीत असताना मिक्सर उघडून परत जोडला होता. त्यातून उरलेले दोन स्क्रू अजून आमच्या देवघरात आहेत. मिक्सर चालतो, म्हणून कुणी ते काढत नाही. आता ती अकरावी सायन्सला होती आणि रसायनशास्त्राच्या चाचणीत तिला वीसपैकी दोन मिळाले होते.

"मला नाही जमत, बाबा. सही करा."

"झालं काय पण?"

झालं होतं ते असं. मॅडमनी एक शेवटचा प्रकल्प दिला होता. घरात दिसणारा कुठलाही एक रंगीत उजेड घ्यायचा, आणि अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवरून त्या उजेडाची तरंगलांबी गणितानं काढून दाखवायची. पुढच्या सोमवारी तो द्यायचा होता. शाखा बदलायच्या अर्जाची शेवटची तारीखही नेमकी तोच सोमवार.

"पुढच्या रविवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "आपण दोघं मिळून गणित सोडवू. नाही सुटलं तर मी मुकाट्यानं सही करतो."

"तुम्हाला येतं?"

"मी अकरावी सायन्सला होतो."

हे शंभर टक्के खरं होतं. बारावी सायन्सला होतो असं मी म्हणालो नव्हतो.

आता कुठला उजेड घ्यायचा, इथंच दोन दिवस गेले. माझ्या बायकोनं, क्रांतीनं, ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या शालूबाईंना सांगितली. सगळ्या अपार्टमेंटची दृष्ट काढायचं खातं शालूबाईंकडं आहे. वीसपैकी दोन म्हटल्यावर त्या मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊनच वर आल्या. अंतराच्या अंगावरून सात वेळा मूठ उतरवली, आणि चूल नसल्यामुळं थेट आमच्या गॅसवर टाकली. निळा जाळ भसकन पिवळा झाला.

"बघा, बघा! जाळ कसा पिवळाधमक झाला! लई वंगाळ नजर लागलीया पोरीला."

"शालूकाकू, कुणावरनंही उतरून टाका, पिवळाच होणार," अंतरा म्हणाली. "मिठात सोडियम असतं."

"मग त्याचीच लागली आसंल," शालूबाई म्हणाल्या.

पण अंतरा बर्नरकडं बघतच राहिली. घरातला रंगीत उजेड सापडला होता. बर्नरची भोकं मोहऱ्यांनी बुजली आणि त्या रात्री आम्ही ब्रेडवर भागवलं, तरीसुद्धा मी शालूबाईंचा आभारी आहे.

गणित वरवर पाहता किरकोळ होतं. सोडियमच्या अणूत सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो. ताप मिळाला की तो वरच्या पातळीवर चढतो आणि लगेच परत खालच्या पातळीवर उतरतो. दोन पातळ्यांमधला जो फरक, तेवढी ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. फरक काढायचा, पुस्तकात दिलेल्या एका ठरावीक आकड्याला त्यानं भागायचं, की तरंगलांबी हातात. तक्त्यात दोन्ही पातळ्या छापल्या होत्या. खालची वजा पाच पूर्णांक चौदा, वरची वजा तीन पूर्णांक चार शतांश. एकक, इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

वजा कशासाठी, हे मला कळलं नाही. माणसात ऊर्जा असते किंवा नसते. नसण्याच्याही खाली पाच म्हणजे काय? पण बावीस वर्षं हेडक्लार्कची खुर्ची उबवलेल्या माणसानं अकरावीच्या पुस्तकातली शंका विचारायची कुणाला? दोन वजा आले की बेरीज होते असं काहीतरी मला पक्कं आठवत होतं. मी ठामपणे बेरीज केली, आठ पूर्णांक अठरा, आणि भागाकार मांडला. उत्तर आलं ते असं : शून्य, दशांशचिन्ह, पुढं पंचवीस शून्यं, आणि मग चोवीस. इतके मीटर.

अंतरानं शून्यं बोट ठेवून मोजली.

"बारीकच असायचं ते," मी म्हणालो. "अणू म्हणजे काय हत्ती आहे?"

"बाबा, याच्यापेक्षा अणू अब्जावधी पटींनी मोठा आहे. आणि असला उजेड माणसाला दिसत नाही."

तो उजेड शालूबाईंना चष्म्याशिवाय दिसला होता, त्यामुळं मी पुस्तक मिटलं.

इथं तात्यांचा प्रवेश होतो. तात्या आमच्या डोक्यावर राहतात, दोन्ही अर्थांनी. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यातून ते निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"गणित राहू द्या हो बाजूला," ते म्हणाले. "आदी उजेड डोळ्यानं बघा की. गॅसवरचा जाळ म्हंजे काय उजेड हाय व्हय? सोडियमचा दिवा बघा! सगळ्या रस्त्याचं काढलं आन् एलईडी लावलं. भांडारात ढीग पडलाय. एक अर्ज टाका, मिळतोय की."

अर्ज हा शब्द ऐकून मला हुरूप आला. ती कचेरी कुठली ते मी सांगत नाही, कारण मीही कचेरीतलाच माणूस आहे. मी रजा टाकून गेलो. अर्ज मी इतका सुबक लिहिला होता की तो परत मागून फ्रेम करावा असं वाटत होतं. 'विषय : प्रकाशाची तरंगलांबी काढणेकामी वापरातून काढलेला एक सोडियम दिवा मिळणेबाबत.'

टेबलामागच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला.

"अर्जदार दत्तप्रसाद?"

"हो, मीच."

"मग हे प्रकाश कोण?"

"कुणी नाही. प्रकाश म्हणजे उजेड."

"एक कायतरी नाव सांगा. प्रकाश का उजेड?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि अर्ज परत दिला. "लांबी प्रकाशची काढणार म्हंजे लाभार्थी तो. त्याचं संमतीपत्र जोडा, न्हायतर त्याला समक्ष घिऊन या. पुढच्या आठवड्यात."

मी स्वतः आजवर किती जणांना 'संमतीपत्र जोडा' म्हणून जिने उतरवलं असेल, याचा हिशेब मी त्या जिन्यात उभा राहून केला. परमेश्वरानं माझ्यासाठी नेमका हाच शब्द राखून ठेवला होता. त्या दिवसापासून माझ्या टेबलापुढं उभ्या राहणाऱ्या माणसाला मी आधी बसायला सांगतो. तेव्हा त्या गृहस्थांचेही आभार.

दुसऱ्या दिवशी तात्या त्याच भांडारात गेले, कुणाबरोबर तरी चहा प्याले, आणि टॉवेलात गुंडाळून दिवा घेऊन आले. त्यांना अर्ज लागला नाही. मला हे लागलं.

मधल्या काळात मॅडमनी सांगितल्याप्रमाणे उजेड फोडून बघायची एक पेटी मी तयार केली. बुटांचा खोका, त्याला ब्लेडनं पाडलेली बारीक चीर, आणि आत सीडीचा एक तुकडा. त्या तुकड्यावर उजेडाचे रंग वेगवेगळे होऊन दिसतात. घरात सीडी एकच सापडली. ती कापून झाल्यावर क्रांतीनं तिच्यावरचं नाव वाचलं.

"ही आपल्या लग्नाची आहे."

"ती लावायला घरात यंत्र कुठं आहे आता?"

"म्हणून कापायची?"

यानंतर आमच्यात दीड दिवस फक्त अंतरामार्फत पत्रव्यवहार झाला.

शुक्रवारी संध्याकाळी तात्यांनी दिवा जोडायला घेतला. असल्या दिव्याला चोक लागतो. तो त्यांच्या माळ्यावर होता, आणि त्याचं वय विचारायचं कुणाला सुचलं नाही. घरातल्या प्लगला भार झेपणार नाही म्हणून त्यांनी तो खाली, विहिरीच्या मोटरीच्या बोर्डाला जोडला. मी टॉर्च धरली होती. सेक्रेटरी म्हणून माझा सहभाग इतकाच. दिवा क्षणभर फिकट गुलाबी झाला, तात्या "लागला का न्हाय?" म्हणाले, आणि फट् असा आवाज येऊन पूर्ण अपार्टमेंट अंधारात गेली. वीज तासाभरात आली. मोटर मात्र जळाली होती.

सोळा बिऱ्हाडांचं पाणी बंद! शनिवारी सकाळी ग्रुपवर मेसेज आला, 'सेक्रेटरींचे संशोधन चालू असेपर्यंत रहिवाशांनी आंघोळ कुठे करावी?' त्याखाली अकरा अंगठे होते. त्यातला एक क्रांतीचा होता.

कागलचे केरबा विहिरी आणि मोटरींची कामं करतात असं दूधवाल्यानं सांगितलं. मी फोन लावला.

"येतो की उद्या सकाळी," पलीकडून आवाज आला. "मोटर जुनी म्हंजे खालचा पाईपबी गंजलेला आसणार. पाच परस पाईप आणून ठेवा, पावणं."

परस म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. पण विचारलं असतं तर सेक्रेटरीला एवढंही ठाऊक नाही असं झालं असतं. कागलकडं फुटाला परस म्हणत असतील, असा मी मनाशी निकाल दिला आणि शनिवारी दुपारी दुकानातून पाच फूट पाईप कापून आणला. स्कूटरवर सहज मावला, याचं मला समाधानही वाटलं.

रविवारी केरबा आले. साठीचा माणूस, डोक्याला टॉवेल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. विहीर अपार्टमेंटच्या मागं आहे, इमारतीच्या कितीतरी आधीची, आत उतरायला दगडी पायऱ्या. केरबा खाली गेले. मी काठावर सूचना द्यायला उभा राहिलो. तेवढ्यात अंतरा पुस्तक आणि तो अर्ज घेऊन आली.

"रविवार आला, बाबा. सही करा."

"थोडं थांब. पाणी तरी येऊ दे."

"पाण्याचा काय संबंध?" असं म्हणून ती काठावर बसली आणि रडायला लागली. आवाज न करता. मोठं झालेलं आपलं मूल असं रडतं तेव्हा बापाला हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. मी पाईप उचलून दुसरीकडं ठेवला.

केरबा ओल्या पायांनी वर आले. "का गं बाय, रडतीस कशापायी?"

"वजा कळत नाही," अंतरा म्हणाली. राग आल्यासारखं तिनं सगळं भडाभडा सांगितलं. अणू, इलेक्ट्रॉन, वजा पाच, वजा तीन.

केरबांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "मला यातलं काय कळत न्हाय. पर एक सांग. शून्य कुटं हाय?"

"शून्य म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सुटला. बाहेर. मोकळा."

"म्हंजे काठावर आला."

अंतरानं डोळे पुसले.

"आगं, ही हीरच की! आमीबी काठापासनंच मोजतोय. काठ म्हंजे शून्य. आत हाय तवर समदं वजाच. जेवढं खोल तेवढं वजा जास्त. ती बघ खालची पायरी, पाच परस खाली. ही वरची, तीन परस खाली. आता वरच्या पायरीवरनं बेडकानं खालच्या पायरीवर उडी टाकली, तर किती पडला?"

"दोन," अंतरा म्हणाली.

"आन् हे तुजं वडील किती म्हणत्यात?"

"आठ."

केरबांनी माझ्याकडं बघितलं. "आवं पावणं, हीर सा परस खोल हाय. आठ परस पडला तर बूड फोडून गेला की बेडूक!"

तात्या गॅलरीतून हे ऐकत होते, आणि ते मोठ्यानं हसले. मी हसलो नाही. मला अचानक एक वर्ग आठवला, फळ्यावरचा एक वजा, आणि वर न झालेला माझा हात.

अंतरानं लिहायला कागद शोधला. पुस्तकाखाली जो होता तोच तिनं पालथा घातला. विहीर काढली, दोन पायऱ्या काढल्या, दोन पूर्णांक दहाचा फरक काढला आणि भागाकार केला. पंचवीस शून्यं जागची हलली नाहीत. फक्त चोवीसच्या जागी पंच्याण्णव आले.

तिचा चेहरा परत पडला. केरबा "आता पाईप बघू" म्हणत वळले, आणि माझा पाईप हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी तो उभा करून बघितला. त्यांच्या खांद्याला लागत होता.

"ह्यो काय?"

"पाच परस."

"आवं, परस म्हंजे पुरुसभर! एक माणूस उभा ऱ्हायला की एक परस. सा फूट धरत्यात. पाच परस म्हंजे तीस फूट पाईप लागतोय. तुमी पाच फूट आणलाय! आकडा तेवढा धरला आन् माप सोडून दिलं!"

मी काही उत्तर देण्याच्या आत अंतरा उडालीच. "बाबा! एकक!"

"काय?"

"आपणही तेच केलं! तक्त्यातले आकडे इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहेत आणि भागायचा आकडा ज्यूलमधला आहे. परसाचे फूट करायचेच राहिले!"

ती परत कागदावर वाकली. दोन पूर्णांक दहाचे ज्यूल केले, भागाकार केला, खोडलं, परत केला. केरबांनी चिखलाचा ओला हात टेकून कागद वाऱ्यानं उडू नये असा धरून ठेवला होता. उत्तर आलं पाचशे ब्याण्णव नॅनोमीटर. पुस्तकात सोडियमच्या पिवळ्या उजेडाचं होतं पाचशे एकोणनव्वद.

"तीन जास्त आले," ती म्हणाली.

"चालतंय की. परसातबी एवढं इकडं-तिकडं हुतंच."

पंधरा मिनिटांत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांना चादरी लागल्या. क्रांतीनं भिजवलेलं खडेमीठ चमच्यात घेऊन जाळात धरलं, शालूबाई कुणाची दृष्ट निघतेय ते बघायला आल्या, आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं खोक्याला डोळा लावला. अंधारात एक पिवळी रेघ, स्वच्छ आणि स्थिर.

केरबा बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे एवढी समदी बेडकं उड्या टाकाय लागल्यात? आन् समदी त्याच पायरीवर?"

"सगळी त्याच पायरीवर," अंतरा म्हणाली. "म्हणून रंग एकच." आणि मग ती त्यांना पुढचंही सांगत सुटली, बाकीच्या धातूंच्या पायऱ्या कशा वेगळ्या, रंग का बदलतात, मॅडमनी काय सांगितलं होतं. आठ दिवसांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

क्रांतीनं खोक्यात बघितलं. "लग्नाच्या सीडीत पहिल्यांदाच काहीतरी बघण्यासारखं दिसलं," ती म्हणाली. पत्रव्यवहार संपला होता.

तेव्हा मी सांगून टाकलं. अकरावीत याच वजापाशी मी अडकलो होतो. हात वर केला नाही. सर ओरडतील, पोरं हसतील, म्हणून. वर्षाच्या शेवटी शाखा बदलली आणि घरात, बाहेर, लग्न ठरताना, सगळीकडं 'घरची परिस्थिती' असं सांगत आलो. घरची परिस्थिती उत्तम होती. वडिलांनी फीसुद्धा भरून ठेवली होती.

 शालूबाईंनी उरलेलं मीठ माझ्यावरून उतरवलं आणि जाळात टाकलं. जाळ पिवळा झाला.

"तो अर्ज अजून निकाली काढायचा राहिलाय," मी अंतराला म्हणालो. "म्हणजे, सही करायची आहे. रविवार ठरला होता."

तिनं कागद काढला. पुढून 'वाणिज्य शाखेत बदल मिळणेबाबत', मागून विहीर, बेडूक, खाडाखोड आणि केरबांच्या पाच बोटांचा चिखल. मी टेबलापाशी बसलो, पेन काढलं आणि ठिपक्यांच्या रेघेच्या वर माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात शेरा लिहिला : 'मागील बाजूस खाडाखोड व चिखल आढळून आल्याने अर्ज बाद करण्यात येत आहे. अर्जदारास विज्ञान शाखेतच राहावे लागेल.' खाली सही केली. साक्षीदार म्हणून केरबांनी केली. हा माणूस कुठल्याही मानधनाचं नाव न काढता माझं तीस वर्षांचं अडलेलं काम करून गेला होता, आणि मी त्याला फक्त चहा देऊ शकलो. चहाही शेजारून आणलेल्या पाण्याचा.

अंतरानं शेरा वाचला. एकदा, दोनदा.

"बाबा, चूक आहे. 'राहावे लागेल' नको. 'राहायचे आहे' करा."

शेऱ्यात खाडाखोड करायची नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम. मी 'राहावे लागेल'वर आडवी रेघ मारली, वर 'राहायचे आहे' लिहिलं, आणि शेजारी दुसऱ्यांदा सही केली.